हाताच्या हालचाली पावलांत जमा करणारी घड्याळे

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

फिटनेसची मनगटी घड्याळे दिवसअखेर पावलांचा जो आकडा दाखवतात, तो मनगटाच्या हालचालींवरून बांधलेला अंदाज असतो. पायांशी त्या यंत्राचा थेट संबंध कुठेच येत नाही. जाणकारांना ही गोष्ट नवी नाही, पण घड्याळ विकत घेणाऱ्या सर्वसामान्य माणसाला ती कोणी नीट समजावून सांगत नाही. परिणामी दात घासणे, कपडे धुणे, पीठ मळणे, टाळ्या वाजवणे अशा हालचाली पावलांच्या खात्यात जमा होतात आणि माणूस आपण पुरेसे चाललो या समजुतीत राहतो. उलट, ज्याने खरोखर कष्टाने पावले टाकली त्याची पावले कित्येकदा गळून जातात. या दुसऱ्या चुकीची चर्चा जवळजवळ होतच नाही, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या, पक्षाघातातून सावरणाऱ्या, पडून हाड मोडल्यामुळे कित्येक आठवडे अंथरुणावर काढलेल्या माणसांना पुन्हा चालते करणे हे माझे रोजचे काम. पूर्वी हे रुग्ण आपल्या प्रगतीचा हिशेब स्वतःच्या शब्दांत देत असत: आज खोलीत दोन फेऱ्या झाल्या, आज आधाराशिवाय दारापर्यंत गेले. आता बरेच जण मनगट पुढे करतात आणि घड्याळावरचा आकडा दाखवतात. मुलांनी किंवा नातवंडांनी प्रेमाने घेऊन दिलेले ते घड्याळ असते आणि त्यावर त्यांचा मोठा विश्वास असतो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वॉकरचे दोन्ही दांडे घट्ट धरून, आधी वॉकर पुढे, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय, अशा क्रमाने त्यांनी लांबलचक मार्गिका ओलांडली. कपाळावर घाम होता, पण एकदाही त्या मध्येच बसल्या नाहीत. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिले. आकडा जवळजवळ होता तिथेच होता. "ताई, म्हणजे मी चाललेच नाही का?" असे त्यांनी विचारले. त्याच दिवशी संध्याकाळी पलंगावर बसून कपडे झटकताना आणि त्यांच्या घड्या घालताना मात्र तोच आकडा भराभर वाढत गेला. एकाच घड्याळाने एकाच माणसाच्या बाबतीत केलेल्या या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

या घड्याळाच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. घड्याळ हलले की तो किंचित सरकतो, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्या बदलातून विद्युत संकेत तयार होतो. एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांमधले त्वरण अशा रीतीने सेकंदाला साधारण २५ ते १०० वेळा नोंदले जाते. या नोंदीत गुरुत्वाकर्षणाचा वाटा सदैव मिसळलेला असतो, त्यामुळे जागच्या जागी मनगट नुसते उलटसुलट फिरवले तरी तिन्ही दिशांचे आकडे बदलतात. सेन्सरचे काम इथे संपते. पाऊल म्हणजे काय, पाय म्हणजे काय, जमीन कुठे आहे, यांतले त्याला काहीही ठाऊक नसते. भिंतीपलीकडच्या आवाजावरून आत किती माणसे बसली आहेत हे सांगण्याचा प्रयत्न करावा, तसे ते काम आहे. बहुतेक वेळा अंदाज जुळतो, कारण आवाज आणि माणसे यांचे नाते बहुधा टिकून असते, पण ते बहुधाच असते.

चालण्याची एक ओळखता येण्याजोगी लय असते. निरोगी प्रौढ माणूस नेहमीच्या चालीने मिनिटाला १०० ते १२० पावले टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. टाच टेकताना बसणारा हलका धक्का गुडघा, कंबर, खांदा अशी वाट काढत मनगटापर्यंत पोहोचतो, आणि त्याच वेळी हात दर दोन पावलांमागे एक पूर्ण झोका घेतो. घड्याळातील प्रोग्रॅम सेन्सरच्या नोंदींमध्ये ही लय शोधतो. फार संथ चढउतार आणि फार जलद थरथर तो गाळून टाकतो, उरलेल्या लाटेतली ठरावीक उंचीपेक्षा मोठी शिखरे मोजतो आणि दोन शिखरांमधले अंतर चालण्याला शोभेल इतके आहे का ते तपासतो. अडचण अशी की घरातली आणि कामावरची कितीतरी कामे नेमक्या याच लयीत होतात. फरशी पुसणारा हात, करवत चालवणारा हात, पीठ मळणारे किंवा कपडा चोळणारे हात सेकंदाला एखाददोन फेरे घेतात. मनगटाच्या पातळीवर ती लाट आणि चालण्याची लाट इतकी सारखी दिसते की साध्या प्रोग्रॅमला त्यांतला फरक कळणे अवघड असते.

अशा चुका कमी व्हाव्यात म्हणून बहुतेक घड्याळांत एक पहारा ठेवलेला असतो. एकदोन झटक्यांवर विश्वास न ठेवता, सलग काही शिखरे एकसारख्या अंतराने आली, तरच ती पावले आहेत असे धरले जाते आणि मग आधीची राखून ठेवलेली शिखरेही एकदम जमा केली जातात. ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी खुर्चीत स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, घड्याळाचा आकडा समोर ठेवावा आणि टेबल पुसल्यासारखा हात एका लयीत मागेपुढे न्यावा. सुरुवातीला आकडा हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र फसले नाही. मग तो एकदम आठदहाने उडी घेतो आणि त्यानंतर हाताच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर चढत राहतो. एखादे घड्याळ या परीक्षेत उत्तीर्णही होईल, कारण अलीकडच्या काही प्रोग्रॅमना हजारो नमुन्यांवरून शिकवलेले असते आणि ते केवळ शिखरे न मोजता लाटेचा संपूर्ण आकार पाहतात. पण बऱ्याच साध्या घड्याळांत पावले मोजण्याचे काम मुख्य प्रोसेसर करतच नाही. बॅटरी वाचावी म्हणून सेन्सरच्याच चिपमध्ये बसवलेला छोटासा प्रोग्रॅम ते करतो, आणि त्याच्याकडून फार बारकाव्याची अपेक्षा ठेवता येत नाही. हात कोणत्या दिशेने वळतो हे सांगणारा जायरोस्कोप सोबतीला घेतला तर फरक ओळखणे सोपे होते. परंतु तो ॲक्सेलरोमीटरच्या मानाने कितीतरी अधिक वीज खातो, म्हणून दिवसभर चालू ठेवला जात नाही.

घड्याळ कमी वापराच्या हातात बांधा, असा सल्ला नेहमी दिला जातो आणि तो बरोबरही आहे. ब्रश, कंगवा, चमचा, हातोडी ही साधने एकाच हातात असतात. दुसऱ्या मनगटावर घड्याळ असले तर त्यांच्या हालचाली नोंदल्या जात नाहीत. अनेक घड्याळांच्या ॲपमध्ये ते कोणत्या हातावर आहे हे सांगण्याची सोयही असते आणि उजवा, म्हणजे मुख्य हात निवडल्यास काही घड्याळे आपली संवेदनशीलता कमी करतात. पण दोन्ही हातांनी करायच्या कामांना हा उपाय लागू पडत नाही. कपडे पिळणे, मळणे, बाळाला हातांवर झुलवणे, ढोलक वाजवणे यांत डावा हातही उजव्याइतकाच राबतो. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीचे तर दोन्ही हात दिवसभर बोलत असतात. त्यांच्या बोलण्याची गणना चालण्यात होणे हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे असले, तरी त्यांच्या हाती जो आकडा येतो तो त्यांच्या काही उपयोगाचा राहत नाही.

आता उलट बाजू. चालणाऱ्याचे मनगट स्थिर असेल तर घड्याळापुढे लाटच उभी राहत नाही. बाळाची ढकलगाडी, सामानाची ट्रॉली, वॉकर, जिन्याचा कठडा, सोबत्याचा धरलेला हात, खिशात घातलेले हात, यांपैकी काहीही पुरेसे असते. त्यात चाल संथ असली की टाचेचा धक्काही मंद होतो आणि ठरवलेल्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने, पाय जरा घासत चालणाऱ्या वृद्ध माणसाची बरीच पावले मनगटी यंत्रांकडून सुटतात, हे चालण्याच्या मोजणीवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले आहे. कंपवाताच्या रुग्णाची आखूड पावले, पक्षाघातानंतर एका बाजूचा हात न हलणे, शस्त्रक्रियेनंतरचे लंगडणे या सगळ्यांत प्रोग्रॅमला अपेक्षित असलेली सम लय मोडते. म्हणजे धडधाकट माणसाचे घड्याळ त्याला न टाकलेली पावले देते आणि ज्याच्यासाठी प्रत्येक पाऊल ही कमाई आहे, त्याच्या घड्याळातून टाकलेली पावलेही वजा होतात. ही विषमता मला अस्वस्थ करते.

दोन्ही चुका एकाच वेळी संपवणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. शिखराची किमान उंची वाढवली, सलग लयीची अट कडक केली, की हाताची कामे गाळली जातात; पण त्याबरोबर संथ चालणाराही गाळला जातो. अट सैल केली की तो सापडतो आणि त्याच्यामागून फरशी पुसणारा हातही आत येतो. रेघ कुठे ओढायची हा निर्णय कंपनीचे अभियंते घेतात. तो घेताना त्यांनी कोणत्या वयाच्या, कोणत्या चालीच्या आणि कोणती कामे करणाऱ्या माणसांवर प्रयोग केले, हे विकत घेणाऱ्याला खोक्यावर वा माहितीपत्रकात बहुधा आढळत नाही. निर्णय घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कुणाला तरी घ्यावाच लागतो. तो न सांगता घेतला जातो आणि निकाल मात्र शेवटच्या एककापर्यंत अचूक असल्यासारखा दाखवला जातो, ही माझी तक्रार आहे. ७,४८३ असा आकडा समोर आला की त्यातल्या ३ वरही माणसाचा विश्वास बसतो.

हातांचे काम हे काम नव्हे काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. दिवसभर धुणे, झाडणे, उचलणे, मळणे करणाऱ्या बाईचे किंवा रंधा मारणाऱ्या सुताराचे श्रम खरे आहेत. त्यांच्या हृदयाची गती वाढते, ऊर्जा खर्च होते, आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. पण ती पावले म्हणून होऊ नये, कारण शरीराच्या दृष्टीने चालण्याचे काम वेगळे आहे. चालताना पोटरीचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि पायांतल्या शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आम्ही त्याला लवकरात लवकर उभे करतो, ते यासाठीच. पायांवर पडणारा शरीराचा भार हाडांना घट्ट राहण्याची सूचना देतो. तोल सावरण्याचा सराव फक्त उभे राहून, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेतानाच होतो. बसून केलेल्या हाताच्या कामातून यांतले काहीही साधत नाही. ज्या मधुमेही माणसाला जेवणानंतर थोडे चाला असे सांगितले आहे, त्याने घड्याळ पाहून आजचे चालणे झाले असे ठरवले, तर त्याच्या पायांच्या मोठ्या स्नायूंनी रक्तातली जी साखर वापरायची ती वापरलेली नसते. श्रमांना श्रमांचे आणि चालण्याला चालण्याचे स्थान स्वतंत्रपणे मिळाले, तर दोन्हींचा मान राहील.

आता ज्या उद्दिष्टासाठी ही सगळी मोजणी चालते, त्याकडेही पाहिले पाहिजे. रोज दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय चाचणीतून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले, आणि त्याच्या विक्रीबरोबर हा गोल आकडा रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची शिफारस आहे. पावलांचा आकडा तिथे दिलेला नाही. पावलांवर झालेल्या गाजलेल्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झाला. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची चाल आठवडाभर मोजली आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. वृद्धांना दिलासा देणारा हा निष्कर्ष आहे आणि मी तो रुग्णांना आवर्जून सांगते.

पण त्या अभ्यासातल्या स्त्रियांनी मोजणीचे यंत्र मनगटावर बांधलेले नव्हते, कमरेवर लावले होते. कमर हात हलवल्याने हलत नाही. तिथल्या ४,४०० पावलांची तुलना मनगटी घड्याळातल्या ४,४०० पावलांशी करणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी घेतलेली मोजणी एका रांगेत लिहिणे होय. वृत्तपत्रे, ॲप, डॉक्टर, आम्ही फिजिओथेरपिस्ट, सगळेच हा आकडा यंत्राचा उल्लेख न करता उद्धृत करतो. मनगटाचा आकडा घरकामाने फुगलेला असेल तर माणूस उद्दिष्टापासून दूर असूनही पोहोचलो असे समजतो, आणि वॉकरमुळे आटलेला असेल तर पोहोचूनही निराश होतो. कमरेच्या साध्या पाऊलमापकांसाठी जपानच्या औद्योगिक मानकाने शंभर पावलांमागे तीन पावलांपर्यंतचीच चूक मान्य केली होती. मनगटी घड्याळांच्या पावलांची चाचणी कशी घ्यावी यासाठी अमेरिकेतील ग्राहकोपयोगी तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने २०१६ साली एक मानक तयार केले खरे, पण आपले घड्याळ त्यात कुठे बसते हे ग्राहकाला सहज कळेल अशी व्यवस्था अजून रूढ झालेली नाही. शिवाय अशी घड्याळे सर्वसाधारण स्वास्थ्याची साधने मानली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०१६ च्या धोरणात कमी जोखमीच्या अशा उपकरणांना वैद्यकीय उपकरणांच्या तपासणीतून वगळले. घड्याळ केवळ हौसेपुरते असते तोवर यात गैर काही नाही. परंतु रुग्ण आणि डॉक्टर त्याच आकड्यावर औषधोपचाराचे आणि व्यायामाचे निर्णय घेऊ लागतात, तेव्हा परिस्थिती बदललेली असते.

विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्या संस्था यांच्याबाबतीत तर आणखी सावधगिरी हवी. अमेरिकेतील जॉन हॅन्कॉक या आयुर्विमा कंपनीने २०१८ साली आपल्या सगळ्या पॉलिसींना हालचालींची नोंद आणि त्यावर आधारलेल्या सवलती जोडण्याचे जाहीर केले, आणि अशा योजना आता इतरत्रही आहेत. जिथे पावलांवर पैसे किंवा बक्षीस ठरते, तिथे मनगट हलवून आकडा वाढवणारी यंत्रेही लोक विकत घेतात. त्यांचे मला फारसे दुःख नाही. ज्याच्या नोकरीचे स्वरूपच ट्रॉली ढकलण्याचे आहे, जी आई ढकलगाडी घेऊन तासभर चालते, जो कर्मचारी काठी टेकत चालतो, त्यांना प्रामाणिकपणे चालूनही स्पर्धेत खालचे स्थान मिळते, हे मात्र सरळसरळ अन्यायाचे आहे. अशा स्पर्धा ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ही बाब विचारात घेतली असेल, याची मला शंका वाटते.

संशोधनाच्या क्षेत्रात या अडचणीवर जो मार्ग काढला गेला तो अनुकरणीय आहे. ब्रिटनमधील यूके बायोबँक या प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक लोकांनी आठवडाभर मनगटावर ॲक्सेलरोमीटर बांधला. तिथे यंत्राने पावले काढून दिली नाहीत. सेन्सरच्या कच्च्या नोंदी जशाच्या तशा साठवल्या गेल्या. त्यामुळे पुढे अधिक चांगले प्रोग्रॅम तयार झाले, तेव्हा त्याच जुन्या नोंदींवर ते चालवून पावले नव्याने मोजता आली. आपल्या मनगटावरच्या घड्याळात याच्या उलट घडते. कच्च्या नोंदी ग्राहकाला मिळत नाहीत, आणि सॉफ्टवेअरचा अपडेट आला की मोजण्याची पद्धत बदलू शकते, पण ती बदलली का आणि कशी बदलली हे कळत नाही. गेल्या वर्षीपेक्षा यंदा चालणे वाढले असे आलेख दाखवत असेल, तर वाढ पायांची आहे की प्रोग्रॅमची, हे ठरवायला त्या माणसाकडे काहीही साधन नसते.

मनावर घेतले तर कंपन्यांना पुष्कळ करता येते. ॲपलने २०१६ साली आपल्या घड्याळात व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सोय दिली. चाके ढकलण्याच्या हातांच्या वेगवेगळ्या पद्धती अभ्यासून घड्याळ पावलांऐवजी ते ढकलणे मोजू लागले. हाताची एक हालचाल दुसरीपासून ओळखता येते, आणि कोणाच्या गरजेसाठी ती ओळखायची हे ठरवता येते, याचा हा पुरावा आहे. त्याच धर्तीवर वॉकर किंवा काठी घेऊन चालणाऱ्यांसाठी, ढकलगाडी ढकलणाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय का असू नये? मी चालत नव्हते, बसून काम करत होते, असे सांगून दुपारच्या अर्ध्या तासाची पावले वगळण्याचे बटण ॲपमध्ये का नसावे? माणसाने अशी दुरुस्ती केली, तर प्रोग्रॅमलाही त्यातून शिकता येईल. एकेरी आकड्याऐवजी सुमारे सात ते आठ हजार असे दाखवले, तर ते अधिक खरे असेल. आणि प्रत्येक घड्याळाबरोबर एवढे तरी छापील स्वरूपात मिळावे, की संथ चालीत, वॉकरसोबत आणि बसून केलेल्या हाताच्या कामात या यंत्राची चूक साधारण किती होते. याच आकड्यातून घड्याळ अंतर आणि कॅलरीही काढते. घरात, जीपीएसविना, पावलांची संख्या आणि उंचीवरून धरलेली पावलाची लांबी यांच्या गुणाकारातून अंतर येते, त्यामुळे पावलांतली चूक तिन्ही रकान्यांत पसरते. म्हणून ही माहिती कोपऱ्यात बारीक अक्षरांत असून चालणार नाही.

तोपर्यंत वापरणाऱ्यांनी काय करावे, हे मी माझ्या रुग्णांना जे सांगते तेच इथे लिहिते. आपल्या घड्याळाची आपल्या चालीवर परीक्षा घ्यावी: शंभर पावले तोंडाने मोजत, रोजच्या वेगाने, रोजच्या आधारासह चालावे आणि घड्याळ किती म्हणते ते पाहावे. फरक थोडा असेल तर ते घड्याळ आपल्या चालीला बऱ्यापैकी ओळखते असे समजावे. वॉकर वापरणाऱ्यांनी शक्य असल्यास फोन कमरेच्या खिशात ठेवून त्यातली मोजणी पाहावी, किंवा घड्याळ काळजीपूर्वक घोट्यावर, मोज्यावरून, सैलसर बांधून पाहावे. संथ चालणाऱ्यांची पावले घोट्यावर मनगटापेक्षा पुष्कळ चांगली पकडली जातात. घोट्यावर सूज, जखम किंवा बधिरपणा असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सलग धुणे, मळणे, पुसणे चालले असेल त्या वेळी घड्याळ काढून ठेवलेले बरे. आणि पावलांपेक्षा मिनिटांचा हिशेब ठेवावा. प्रौढांच्या बाबतीत मिनिटाला साधारण शंभर पावले हा मध्यम चालीचा अंदाज मानला जातो. त्या वेगाने, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेल अशी किती मिनिटे आज चालणे झाले, हे साध्या घड्याळावरही कळते. ज्यांना तो वेग झेपत नाही त्यांनी आधारासह उभे राहून, भार पायांवर घेऊन किती वेळ चालणे झाले तेवढे लिहून ठेवावे. त्या आजींच्या वहीत आम्ही आता मार्गिकेच्या फेऱ्या आणि लागलेला वेळ लिहितो, आणि घड्याळाचा आकडा त्या शेजारी लिहितात, पण त्यावरून दिवस चांगला की वाईट हे ठरवत नाहीत.

आपल्या वृत्तपत्रात नव्या घड्याळांची ओळख करून देणारे लेख येत असतात आणि वाचक ते पाहून खरेदी करतात. त्यांत पडद्याची चमक, बॅटरी, पट्ट्याचे रंग यांची माहिती सविस्तर असते. पावले कितपत बरोबर मोजली जातात याबद्दल फार तर एखादे वाक्य. माझी विनंती अशी, की यापुढे अशा परीक्षणांत दोन साध्या चाचण्यांचा समावेश व्हावा: खुर्चीत बसून पाच मिनिटे हातांचे काम केल्यावर घड्याळाने किती पावले जमा केली, आणि वॉकर किंवा ढकलगाडी धरून मोजून टाकलेल्या दोनशे पावलांपैकी त्याने किती पकडली. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि निकाल दोन ओळींत छापता येतो. परीक्षण करणाऱ्यांना या चाचण्या घेण्यात मदत हवी असल्यास मी आणि माझे सहकारी आनंदाने वेळ देऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक